लिव्ह अँड लायसन्स करार : मुदतपूर्व समाप्ती

भाड्याचे घर कराराची मुदत संपण्याआधी सोडणे. रायगड जिल्ह्यात पनवेलजवळ सिडकोने वसवलेल्या करंजाडेत, महाराष्ट्रातील इतर शहरांप्रमाणेच, घरे बहुधा लिव्ह अँड लायसन्स करारावर, सहसा ११ महिन्यांसाठी दिली जातात. यात राहणाऱ्याला वापराची परवानगी मिळते; भाडेकरूचा हक्क निर्माण होत नाही.

नोकरीतील बदली, लग्न, आजारपण अशा कारणांनी घर आधी सोडावे लागते. तेव्हा निर्णायक ठरतात ती करारातील दोन कलमे : नोटीस आणि लॉक-इन (ठरावीक काळ घर न सोडण्याची अट). नोटीस बहुधा एक महिन्याची असते. लॉक-इनच्या काळात घर सोडल्यास उरलेल्या महिन्यांचे भाडे मागितले जाते. मात्र करारात लिहिलेली रक्कम आपोआप देय होत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार ती कमाल मर्यादा असते. तिच्या आत वाजवी भरपाईच मिळू शकते. लगेच दुसरा भाडेकरू मिळाल्यावरही पूर्ण भाडे कापून घेणे अन्यायाचेच आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा, मग मुदत ११ महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल, तर वादात भाडेकरूने सांगितलेल्या अटी, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खऱ्या मानल्या जातात.

घर सोडताना नोटीस लेखी द्यावी, वीजबिल चुकते करावे आणि किल्ल्या दिल्याची व अनामत परत मिळाल्याची सही घ्यावी.