केळीची साल किती काळी होती?

गेल्या वर्षीच्या आषाढात माझी थोरली बहीण वाणसामानाच्या एका मोठ्या दुकानात पडली. बाहेर पाऊस लागलेला, दारात ओल्या छत्र्यांचा ढीग आणि आत कोणीतरी नुकतेच फडके मारून गेलेले. डाळींच्या मांडणीपाशी तिचा पाय सटकला, तिने उजवा हात टेकला आणि मनगटाचे हाड मोडले. पडल्यावर तिने सर्वांत आधी काय केले, तर कोणी पाहिले तर नाही ना, म्हणून इकडेतिकडे बघितले. मग पदर सारखा केला. हात दुखतो आहे हे तिच्या ध्यानात आले ते त्यानंतर.

प्लास्टर दीड महिना राहिले आणि तितके दिवस घरात एकच वाद चालला. दुकानदाराकडे भरपाई मागावी का? भावजींचे म्हणणे, "आपणच बघून चालायला नको का?" आई म्हणाली, "थोडक्यात निभावलं, देवाचे आभार मान आणि गप्प बस." भाचा तर नोटिशीचा मसुदाच घेऊन आला होता. ताई मात्र माझ्याकडे वळून म्हणाली, "तू जुने कागद वाचत बसतोस ना? मग बघ की, याआधी असं पडलेल्यांचं काय झालं ते."

मी कायदा शिकलेलो नाही. निवाडे वाचण्याची सवय जुन्या जमीन-तंट्यांच्या नादाने लागली, तेवढेच माझे भांडवल. हक्क, कर्तव्य, न्याय असे मोठे शब्द सापडतील या अपेक्षेने मी बसलो होतो. हाती आले ते वेगळेच. घसरून पडलेल्या माणसांच्या खटल्यांत न्यायाधीश पुन्हा पुन्हा एकाच बारीक प्रश्नापाशी अडलेले दिसतात: ज्या वस्तूवरून पाय घसरला, ती तिथे किती वेळ पडून होती?

सुरुवात बॉस्टनपासून करतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बंदरात जमैकाहून बोटी भरभरून केळी उतरू लागली आणि एकेकाळी नवलाईचे असलेले हे फळ गाडीत बसून खाण्याइतके स्वस्त झाले. साली अर्थातच फलाटावर. बॉस्टनच्या स्थानकात गाडीतून उतरलेला एक प्रवासी अशाच सालीवरून घसरला आणि त्याने रेल्वे कंपनीवर दावा लावला. 1901 साली तो मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयात आला. सरन्यायाधीश होते ऑलिव्हर वेंडेल होम्स, जे पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर गेले. त्यांचा निकाल जेमतेम दोन-तीन वाक्यांचा आहे. फलाटावर गर्दी होती. साल एखाद्या उतारूने मिनिटभरापूर्वीच टाकली असू शकेल. यापुढे जायची गरज नाही. दावा फेटाळला.

होम्ससाहेबांचे तर्कशास्त्र निर्दोष आहे. मिनिटापूर्वी पडलेली साल कंपनीला दिसणार कशी, आणि दिसली नाही तर ती उचलणार कशी? पण त्यातून निघते काय? जो आडवा पडला आहे, ज्याचे डोळे वेदनेने मिटले आहेत, त्यानेच सालीचे वय सिद्ध करायचे.

दहा वर्षांनी, 1911 मध्ये, त्याच न्यायालयापुढे दुसरी साल आली. बॉस्टनच्याच डडली स्ट्रीट स्थानकावर एक बाई ट्रॅममधून उतरली. गर्दी ओसरेपर्यंत ती थांबली, मग गणवेशातल्या एका नोकराला तिने पुढच्या गाडीची वाट विचारली आणि त्याच्या मागोमाग चालताना केळीच्या सालीवरून घसरली. या वेळी लोकांनी ती साल निरखून पाहिली होती. साक्षींत तिचे वर्णन आहे: पूर्ण काळी, पिवळेपणाचा मागमूस नाही, चपटी झालेली, हाताला कोरडी आणि कचकचीत लागणारी. म्हणजे ती बराच वेळ पायांखाली तुडवली गेली होती. फलाट निर्धोक ठेवणे हे नोकरांचेच काम, आणि ती त्यांना दिसायला हवी होती. बाई जिंकली.

मला हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचताना हसू आले आणि थोडे अस्वस्थही वाटले. दोन्ही ठिकाणी माणूस तसाच पडला, फलाट तसाच, शहर तेच. फरक पडला तो सालीच्या रंगाने. केळीची साल हे एक घड्याळ आहे म्हणा ना! पण ताई घसरली ती पाण्यावरून. पाणी काळे पडत नाही. ते मिनिटापूर्वी सांडलेले असो की तासापूर्वी, दिसते सारखेच.

या पेचातून वाट निघाली ती अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर, लिव्हरपूलमध्ये. आणि योगायोग असा की दोन निरनिराळ्या शतकांतल्या दोन पायऱ्या याच शहरातल्या दुकानांपाशी आहेत. पहिली 1863 ची. रस्त्याने चाललेल्या एका माणसाच्या अंगावर पिठाच्या व्यापाऱ्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावरून पिठाचे पिंप कोसळले. ते कसे सुटले, कोणाच्या हातून सुटले, यातले त्याला काहीच सांगता येईना. खालच्या न्यायालयाने पुरावा नाही म्हणून त्याला परत पाठवले. वरच्या न्यायालयात मुख्य न्यायाधीश पोलॉक यांनी उलट विचारले, की पिंपे आपोआप कोठारातून बाहेर पडतात काय? पिंप पडले यातच निष्काळजीपणाचा प्राथमिक पुरावा आला. तसे नव्हते हे आता दुकानदाराने दाखवावे. घटना स्वतःच बोलते, हे लॅटिन सूत्र या खटल्यामुळे प्रसिद्ध झाले.

दुकानात शिरलेल्या माणसाचे नाते काय, याचा खल त्यानंतर सुरू झाला. 1866 मध्ये लंडनच्या एका साखर कारखान्यात गॅसच्या कामासाठी आलेला कारागीर उघड्या झडपेतून खाली पडला, तेव्हा न्यायालयाने आमंत्रित आणि नुसता परवानगीने आलेला असा भेद धरला. मालकाच्या धंद्यासाठी आला तो आमंत्रित, त्याची जास्त काळजी. ही विभागणी पुढे इतकी किचकट झाली की 1957 च्या कायद्याने इंग्लंडने ती मोडून टाकली आणि कायदेशीरपणे आत आलेल्या सर्वांसाठी एकच कर्तव्य ठरवले. मी त्या तपशिलात शिरत नाही. ताई डाळ घ्यायला गेली होती, ती कोणत्याही हिशेबाने आमंत्रितच.

दुसरी पायरी 1974 च्या जूनमधली. लिव्हरपूलच्या स्मिथडाउन रोडवरच्या टेस्कोच्या दुकानात भर दुपारी एक गृहिणी तारेची टोपली घेऊन फिरत होती. पायाखाली काहीतरी चिकट लागले आणि ती पडली. उठताना तिला गुलाबी दही दिसले. जवळच दोनतृतीयांश रिकामा डबा सापडला. इजा किरकोळ होती. व्यवस्थापकाच्या खोलीत तिला बसवले, तिचे खराब झालेले पायमोजे धुवायला पाठवले. इथवर सगळे सभ्यपणे झाले, आणि गोष्ट इथेच संपली असती.

पण बाई चिवट. सुमारे तीन आठवड्यांनी ती त्याच दुकानात गेली असता फरशीवर संत्र्याचे पेय सांडलेले दिसले. ती तिथेच उभी राहिली आणि पाव तास पहारा केला. पुसायला कोणी आले नाही. निवाड्यातला हा तपशील मी तीनदा वाचला. न्यायाधीशांना जे घड्याळ सापडत नव्हते, ते या गृहिणीने स्वतः लावले होते!

दुकानाची बाजू अगदीच लंगडी नव्हती. फरशी दिवसातून पाच-सहा वेळा झाडली जाई. कोणाला काही सांडलेले दिसले तर त्याने तिथेच थांबून दुसऱ्याला बोलवावे, असा नियम होता. मात्र आठवड्याला दहाएक वेळा काहीतरी सांडतेच, हेही दुकानानेच सांगितले. आणि त्या दिवशी पडण्यापूर्वी ती जागा शेवटची कधी झाडली, हे कोणालाच सांगता आले नाही. 1976 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने बाईच्या बाजूने कौल दिला. 1949 च्या एका निकालाचा त्यात आधार आहे: लंडनमधल्या एका मोठ्या दुकानात भाजीच्या कचऱ्यावरून घसरलेल्या गिऱ्हाइकाच्या खटल्यात लॉर्ड गॉडर्ड यांनी म्हटले होते, की ती घाण फरशीवर कशी आली याचा खुलासा दुकानदाराने करावा. विरोधी मत न्यायमूर्ती ऑर्मरॉड यांचे, जे वैद्यकशास्त्रही शिकलेले होते. डबा क्षणापूर्वी कोणा गिऱ्हाइकाच्या हातून पडला असेल तर जगातली कोणतीही व्यवस्था तो अपघात टाळू शकली नसती, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे पुन्हा होम्स, पुन्हा ते मिनिट. मला ते मत चुकीचे वाटत नाही, अपुरे वाटते. कारण ते मिनिट नेमके कोणते, हे कळण्याची साधने ज्याच्याकडे आहेत त्याने ती ठेवली नाहीत, तर त्याचा तोटा पडणाऱ्याने का सोसावा?

बाईला मिळालेली रक्कम दोनशे पौंडांच्याही आत होती. एवढ्याशा पैशांसाठी दुकान अपिलात गेले आणि बाईही मागे हटली नाही. दोघांनाही कळत होते की वाद पैशांचा नाही, झाडूच्या वहीचा आहे.

आता आपल्याकडे. इंग्लंडच्या 1957 सारखा कायदा भारतात नाही. आपली न्यायालये ही जुनीच इंग्रजी तत्त्वे लावतात. दिल्लीच्या चांदनी चौकातला घंटाघर 1951 मध्ये कोसळून माणसे मेली, तेव्हा 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने घटना स्वतःच बोलते हेच सूत्र नगरपालिकेला लावले. दुसरे प्रकरण दिल्लीच्याच एका पंचतारांकित हॉटेलातले. 1972 मध्ये एका जर्मन विमान कंपनीचा तरुण सहवैमानिक तिथल्या तलावात सूर मारताना जायबंदी झाला आणि त्याला पक्षाघात झाला. 1985 मध्ये तो वारला. दिल्ली उच्च न्यायालयाने 50 लाख रुपयांची भरपाई दिली ती 1997 मध्ये. पुढे खंडपीठाने निकाल फिरवला, आणि तो हॉटेल निर्दोष ठरवून नव्हे; दावा चालू असताना वादीच मेला, म्हणून दावाही त्याच्याबरोबर गेला, या कारणाने. शरीराला झालेल्या इजेचा दावा माणसाबरोबर मरतो हा नियम इंग्लंडने 1934 मध्ये सोडला. आपल्या 1925 च्या वारसा कायद्यात तो 306 व्या कलमात अजून आहे.

हे ऐकून आई म्हणाली, "बघ, मी काय सांगत होते!"

तिचे अगदीच चूक नाही. पण 1986 नंतर आपल्याकडे ग्राहकासाठी वेगळी वाट आहे. 2019 च्या नव्या कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे स्वतः तक्रार करता येते, मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची. अडचण एवढीच की कायद्याच्या व्याख्येत ग्राहक म्हणजे मोबदला दिलेला किंवा कबूल केलेला माणूस. ताई पडली तेव्हा डाळ पिशवीत होती, बिल व्हायचे होते. दीडशे वर्षांपूर्वीचा आमंत्रितांचा खल असा आपल्या घरात शिरला.

आणि घड्याळ? ते आता छताला टांगलेले आहे. पाणी कधी सांडले, कोणी फडके मारले, पाटी लावली होती का, हे कॅमेऱ्याने पाहिलेले असते. बॉस्टनच्या सालीइतका बोलका साक्षीदार. फक्त तो दुकानाच्या मालकीचा, आणि काही आठवड्यांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे चढते. मागणी करायला लाजणाऱ्याचा पुरावा त्याच्या लाजेबरोबर पुसला जातो. ताईने ते चित्रण मागितले प्लास्टर निघाल्यावर. तेव्हा ते उरले नव्हते.

तिने एक पानभर पत्र लिहिले. मसुदा भाच्याचा नाही, तिचा स्वतःचा. त्यात दोनच गोष्टी विचारल्या: दवाखान्याचा खर्च देणार का, आणि त्या दिवशी फरशी कोणी, किती वाजता पुसली. शेठजींचा फोन आला. खूप गोड बोलले, "ताई, पैसे आजच पाठवतो, पण कागदावर काही नको." दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी दिले नाही. ताईने पैसे घेतले नाहीत, नाकारलेही नाहीत. उत्तर लेखी द्या, एवढेच म्हणाली. दोन वर्षांची मुदत पुढच्या आषाढात संपते.