स्नायूंचें ऋण

तीन मजले धांवत चढून गेलेला मनुष्य वर पोंचला कीं त्याचे पाय थांबतात. पण छाती मात्र भात्यासारखी चालूच राहते. काम तर संपलें. मग हा जादा श्वास कशाकरितां? विद्यापीठांतील विद्यार्थ्यास व्यायामाचें शरीरशास्त्र शिकवावयाचें तर त्याचा श्रीगणेशा ह्याच साध्या प्रश्नापासून करावा, असें आम्हांस वाटतें. कारण त्याचें उत्तर शोधतांना शास्त्रज्ञांनीं जी वाट चोखाळली, तींत सत्याइतकीच चूकही उद्बोधक ठरली आहे.

ह्या वाटेचा आरंभ पॅरिस येथें झाला. लाव्हाझिए ह्या फ्रेंच रसायनज्ञानें १७९० च्या सुमारास आपला सहकारी सेगँ ह्याच्या तोंडावर मुखवटा चढवून तो किती प्राणवायु घेतो हें मोजलें. स्वस्थ बसला असतां सेगँ जितका प्राणवायु घेई, त्याच्या सुमारें अडीचपट तो श्रम करतांना घेई. श्वसन हें एक मंद ज्वलन आहे आणि श्रम वाढले कीं इंधन अधिक जळतें, हा सिद्धांत त्यांतून दृढ झाला. त्या प्रयोगांचीं टिपणें घेत बसलेली लाव्हाझिएची पत्नी तिनेंच काढलेल्या चित्रांत आपणांस आजही दिसते. १७९४ सालीं राज्यक्रांतीच्या धामधुमींत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला. सिद्धांत मात्र टिकला.

पण ह्या सिद्धांतानें एक कोडें सुटेना. शंभर यार्डांची शर्यत धांवणारा गडी वाटेंत जेमतेम श्वास घेतो. त्या दहा सेकंदांच्या श्रमांस लागणारा सारा प्राणवायु तेवढ्या वेळांत स्नायूंपर्यंत पोंचणें शक्य नाहीं. मग वाऱ्यावांचून ही भट्टी चालते कशी? १९०७ सालीं केंब्रिज येथें फ्लेचर व हॉपकिन्स ह्यांनीं बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून ह्यावर प्रकाश पाडला. आंबलेल्या दुधांत सांपडणारें दुग्धाम्ल स्नायूंतही असतें, हें पूर्वींच ठाऊक होतें. पण तपासणीसाठीं स्नायु कुटतांनाच तें नव्यानें उत्पन्न होई आणि सारें मोजमाप फसे. ह्या दोघांनीं स्नायु बर्फासारख्या थंड मद्यार्कांत बुडवून ती क्रिया जागच्या जागीं थांबविली. तेव्हां दिसून आलें कीं, प्राणवायूवांचून श्रमणाऱ्या स्नायूंत दुग्धाम्ल सांचतें, आणि प्राणवायु मिळाला कीं तें ओसरतें.

हा धागा पुढें नेला आर्चिबाल्ड हिल ह्यानें. हा मूळचा गणिती, आणि धांवण्याचा मोठा षौकी. मँचेस्टर येथें तो व त्याचे सहकारी हिरवळीवर फेऱ्या घालीत आणि पाठीवरील पिशवींत सांठविलेल्या उच्छ्वासाचें पृथक्करण करीत. स्वस्थ मनुष्य मिनिटास सुमारें पाव लिटर प्राणवायु वापरतो; वेगानें धांवतांना हिलनें स्वतः ४ लिटरांहून किंचित् अधिक वापरला. वेग आणखी वाढविला तरी हा आंकडा वाढेना. म्हणजे प्राणवायूच्या ग्रहणाला प्रत्येकाची एक कमाल मर्यादा असते, व तिच्यापलीकडचें काम उसनवारीवर चालतें, असें त्यानें १९२३ सालीं प्रतिपादिलें. ही उसनवारी म्हणजे ‘प्राणवायूचें ऋण’. धांव संपल्यावर लागणारी धाप म्हणजे त्याची फेड. आणि दुग्धाम्ल म्हणजे जणुं त्याचें कर्जखत! जर्मनींत मायरहॉफनें दाखविलें कीं, दुग्धाम्लाचा लहानसा भागच जळतो आणि उरलेल्याचें पुन्हां ग्लायकोजेन हें प्राणिज पिष्ट बनतें. १९२२ चें नोबेल पारितोषिक ह्या दोघांस विभागून मिळालें.

जमाखर्च इतका चोख जुळला कीं, स्नायूचें आकुंचनच दुग्धाम्लामुळें होतें असें मत रूढ झालें. पण १९२७ सालीं लंडन येथें एगल्टन दांपत्यास, आणि अमेरिकेंत हार्वर्ड येथें फिस्के व आपले आंध्र देशबांधव येल्लाप्रगडा सुब्बाराव ह्यांस, स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन हें नवें द्रव्य सांपडलें. १९३० सालीं डेन्मार्कच्या लुंड्सगार्डनें एका विषानें दुग्धाम्लाची उत्पत्तीच बंद पाडली. तरी स्नायु कांहीं वेळ आकुंचन पावतच राहिला, आणि त्या वेळीं खर्च होत होतें तें फॉस्फोक्रिएटिन! कीर्तीचा मोठा भाग ज्या उपपत्तीशीं निगडित, ती हातची सोडणें कोणास सोपें असतें? हिलनें पळवाट शोधली नाहीं. १९३२ सालीं त्यानें ह्या घटनेवर प्रबंध लिहिला, आणि त्याच्या मथळ्यांतच ‘क्रांति’ हा शब्द घातला.

आज विद्यार्थ्यानें ध्यानांत ठेवावयाचें तें इतकेंच: स्नायूचें रोख चलन एकच, अॅडेनोसिन ट्रायफॉस्फेट, पण त्याची शिल्लक अगदीं थोडी असते, म्हणून ती सतत भरावी लागते. पहिले कांहीं सेकंद फॉस्फोक्रिएटिन ती भरतें. एकदोन मिनिटांच्या जोराच्या श्रमांत ग्लायकोजेनपासून दुग्धाम्ल बनतांना भर पडते. आणि दीर्घ श्रमांत सारा भार प्राणवायूच्या ज्वलनावर येतो. तिन्ही क्रिया एकदमच चालतात. प्रमाण तेवढें बदलतें.

बिचाऱ्या दुग्धाम्लावरचा आरोप मात्र अद्याप पुरता पुसला गेला नाहीं. नव्यानें जोर काढणाऱ्या मुलाचे हातपाय दुसऱ्या दिवशीं आंबले कीं दोष त्यालाच दिला जातो. वस्तुतः तें तासाभरांत रक्तांतून बहुतेक ओसरतें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचें दुखणें स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेचें असतें. इतकेंच नव्हे, तर १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्नियाच्या जॉर्ज ब्रुक्सनें दाखवून दिलें कीं, प्राणवायु उपलब्ध असतांही हें द्रव्य बनतें, आणि हृदय व इतर स्नायु तें इंधन म्हणून आवडीनें जाळतात. ज्याला आपण राख समजत होतों, तें अर्धवट जळालेलें लांकूडच निघालें!

मग त्या जिन्यावरच्या धापेचें काय? कांहीं प्राणवायु खरोखरच फॉस्फोक्रिएटिनची व रक्तांतील सांठ्याची भरपाई करतो. पण तापलेलें शरीर, धडधडणारें हृदय व श्रमांनीं चेतलेले अंतःस्राव ह्यांचाही त्यांत वांटा असतो. म्हणून ‘ऋण’ हा शब्द आतां शास्त्रज्ञ जपूनच वापरतात. उपमा ही वाट दाखविणारी काठी आहे. वाट सांपडल्यावर ती खालीं ठेवतां आली पाहिजे. हिलला ती ठेवतां आली, आणि व्यायामशास्त्राच्या विद्यार्थ्यानें प्राणवायूच्या आंकड्यांइतकीच हीही गोष्ट पाठ करावी.