वेळासची तीन दिवसांची सहल : नियोजन कसे कराल?

फाल्गुन सरत आला की शहरांतून कोकणाकडे जाणाऱ्या वाहनांची संख्या वाढू लागते. होळी, गुढीपाडवा किंवा गुड फ्रायडे यांपैकी एखादी सुट्टी शनिवार-रविवारला जोडून आली, की चार-सहा जणांच्या सहलीचे बेत आखले जातात. अशा छोट्या गटांसाठी रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव गेल्या काही वर्षांत आवडीचे ठिकाण ठरले आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची पिल्ले अंड्यातून बाहेर येऊन समुद्राकडे झेपावताना येथे पाहता येतात. मात्र ही सहल अन्य सहलींप्रमाणे केवळ दिनदर्शिका पाहून ठरविता येत नाही. ती ठरते वाळूखालच्या घरट्यांवर.

घरट्यांचा हिशेब

ऑलिव्ह रिडले माद्या साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करतात आणि एका वेळी सुमारे शंभर ते दीडशे अंडी घालून समुद्रात परततात. पहाटे गस्त घालणारे कासवमित्र वाळूवर उमटलेल्या माग्यांवरून घरटे शोधतात. भरतीचे पाणी, कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्यापासून धोका असल्याने ही अंडी जाळीच्या कुंपणातील संरक्षित जागेत, म्हणजे हॅचरीत, मूळ घरट्यासारख्याच खड्ड्यात हलविली जातात. प्रत्येक खड्ड्याची तारीख नोंदविलेली असते.

अंड्यांतून पिल्ले बाहेर येण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वाळू अधिक तापलेली असेल तर हा काळ कमी होतो, थंडी लांबली तर वाढतो. त्यामुळे नोंदीवरून दिवसाचा अंदाज बांधता येतो, पण नेमका दिवस कोणीही सांगू शकत नाही. सर्वसाधारणपणे फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते एप्रिल हा पिल्लांचा हंगाम असतो. मादी उशिरा आली, तर तोही पुढे सरकतो.

यावरून नियोजनाचा पहिला नियम निघतो. सुट्टी आधी ठरवून मग पिल्लांची चौकशी करण्याऐवजी, हंगामातील दोन-तीन जोडसुट्ट्या निवडून ठेवाव्यात, गावातील यजमानांकडे घरट्यांची स्थिती विचारावी आणि मगच त्यांतील एक पक्की करावी. मोठ्या गटाला अशी लवचीकता परवडत नाही. चार-सहा जणांना ती सहज साधते.

कोणती सुट्टी निवडावी?

होळीची सुट्टी सर्वांत मोहक वाटते, परंतु शिमगा हा कोकणचा स्वतःचा सण आहे. मुंबई-पुण्याचे चाकरमानी याच दिवसांत गावी येतात, एसटी गाड्या आणि कोकण रेल्वेची आरक्षणे आधीच भरतात. ग्रामदेवतेची पालखी घरोघरी फिरत असते आणि यजमान कुटुंबांना पाहुण्यांकडे लक्ष देणे कठीण जाते. पालखी आणि खेळे पाहण्याची इच्छा असेल, तर यजमानांशी आधी बोलून तसा बेत आखावा. अन्यथा हे दिवस टाळलेले बरे.

गुढीपाडवा आठवड्यातील कोणत्याही दिवशी येतो. तो गुरुवारी किंवा मंगळवारी आला, तर मधली एक रजा टाकावी लागते. गुड फ्रायडे मात्र नेहमी शुक्रवारीच येत असल्याने तीन दिवस सलग मिळतात. मार्चच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या उत्तरार्धापर्यंत हा वार येत असल्याने तो बहुतेक वेळा हंगामातच पडतो. त्या दिवसांतील दुपारचे ऊन मात्र गृहीत धरावे.

दोन रात्री कशासाठी?

हॅचरीतील घरट्यांची पाहणी सकाळी आणि सायंकाळी होते. पिल्ले बाहेर आलेली असल्यास साधारण सकाळी सातच्या आणि सायंकाळी सहाच्या सुमारास ती समुद्रात सोडण्यात येतात. शुक्रवारी पहाटे निघून दुपारी पोहोचणाऱ्या आणि दोन रात्री राहणाऱ्या गटाला शुक्रवारची सायंकाळ, शनिवारची सकाळ व सायंकाळ आणि रविवारची सकाळ अशा चार संधी मिळतात. एकच रात्र राहिल्यास त्या दोनवर येतात. दिवसभराची धावती भेट देणाऱ्यास बहुधा एकच संधी उरते. पिल्ले न दिसल्याने निराश होऊन परतणाऱ्यांत अशा धावत्या पाहुण्यांचा भरणा अधिक असतो.

कसे जाल?

मंडणगड तालुक्यात रेल्वे स्थानक नाही. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा, हरिहरेश्वर असा रस्ता घेऊन बागमांडला गाठावे. तेथून सावित्रीची खाडी फेरीबोटीने ओलांडता येते. या बोटीत मोटारीही चढविता येतात. पलीकडे वेश्वीला उतरून बाणकोटमार्गे वेळासला पोहोचता येते. मुंबईकरांनाही माणगावपर्यंत महामार्गाने येऊन हाच रस्ता धरता येतो.

फेरीबोटीला सुट्टीच्या दिवशी मोटारींची रांग लागते आणि सायंकाळनंतर फेऱ्या थांबतात. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी. खाडी टाळून जायचे असल्यास लोणेरे, आंबेत, म्हाप्रळ, मंडणगड हा मार्ग आहे. आंबेतचा पूल यापूर्वी दुरुस्तीसाठी बंद ठेवावा लागला होता, त्यामुळे निघण्यापूर्वी चौकशी केलेली चांगली. स्वतःचे वाहन नसलेल्यांनी एसटीने मंडणगड गाठावे आणि पुढची सोय यजमानांकडून करून घ्यावी.

कुठे राहाल?

वेळासचे वैशिष्ट्य म्हणजे येथील मुक्काम हॉटेलांत नसून ग्रामस्थांच्या घरांत असतो. अंगण, पडवी, माजघर असलेल्या कौलारू घरांत पाहुण्यांची सोय केली जाते. आंबोळ्या, कुळथाचे पिठले, फणसाची भाजी, सोलकढी असे घरचे जेवण मिळते. बहुतेक घरांत ते शाकाहारी असते. दर माणशी, जेवणासह आकारले जातात, त्यामुळे गटाचा खर्च आधीच काढता येतो.

मात्र हे घर आहे, हे विसरता कामा नये. स्नानगृह सामायिक असू शकते, वीज अधूनमधून जाते, जेवणाची वेळ ठरलेली असते. किती जण येणार हा आकडा दोन दिवस आधी कळविणे आणि तो पाळणे आवश्यक आहे. कारण धान्य-भाजी त्याच हिशेबाने आणलेली असते.

हे घरगुती उत्पन्नच कासवांच्या संरक्षणाचा आधार आहे. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने येथे काम सुरू केले, तेव्हा घरटी उकरून अंडी नेण्याचा प्रकार किनाऱ्यावर सर्रास होता. ग्रामस्थांना गस्तीत सामावून घेण्यात आले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. अंड्यांपेक्षा पिल्ले पाहायला येणारा पाहुणा गावाला अधिक मोलाचा ठरला. पुढे वन विभागाच्या सहभागाने हे काम किनाऱ्यावरच्या इतर गावांतही पसरले. पाहुण्यांच्या वागण्यावर हा समतोल अवलंबून आहे.

किनाऱ्यावर काय पाळाल?

ऑलिव्ह रिडले कासवाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. पिल्लू हाताळणे, उचलून छायाचित्र काढणे हा कायद्याचा भंग ठरू शकतो. पिल्ले समुद्राच्या उजेडाच्या दिशेने चालतात. त्यामुळे फ्लॅश किंवा विजेरी वापरल्यास ती दिशा चुकतात. स्वयंसेवकांनी आखलेल्या दोरीच्या मागेच उभे राहावे आणि पिल्लांच्या पुढ्यात पाऊल टाकू नये. पिल्लू थकल्यासारखे वाटले, तरी त्याला पाण्यात नेऊन सोडण्याचा मोह टाळावा. वाळूवरची ही वाटचाल त्याच्या वाढीचाच भाग मानली जाते. लहान मुले बरोबर असतील, तर हे नियम त्यांना घरूनच सांगून आणावे.

हजारांत एखादेच पिल्लू प्रौढ होते, असा अंदाज आहे. त्यामुळे वाळूवरच्या प्रत्येक पिल्लाला मोल आहे. २०२२ च्या जानेवारीत वेळासच्या किनाऱ्यावर 'प्रथमा' नावाच्या मादीला उपग्रह टॅग लावण्यात आला. पश्चिम किनाऱ्यावरील अशी ती पहिलीच ऑलिव्ह रिडले होती. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना आढळली. या कासवांचा प्रवास किती दूरचा असतो, हे त्यावरून दिसून येते.

मधल्या वेळेत काय पाहाल?

दोन पाहण्यांच्या मधला दिवस मोकळा असतो. सावित्रीच्या मुखावरील बाणकोट किल्ला जवळच आहे. १७५५ मध्ये तो आंग्र्यांकडून इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचे मूळ गाव वेळासच. गावात नानांचे स्मारक आहे. परतीच्या वाटेवर हरिहरेश्वरचे दर्शन घेता येते. तेथील समुद्रालगतच्या प्रदक्षिणा मार्गावर भरतीच्या वेळी उतरणे धोक्याचे असते. ओहोटीची वेळ पाहूनच जावे.

निघण्यापूर्वी

* पुरेशी रोख रक्कम जवळ ठेवावी. गावात मोबाईलला नेहमी रेंज मिळेलच असे नाही, त्यामुळे फोनवरून पैसे देणे प्रत्येक वेळी जमत नाही.
* वाहनाची इंधनाची टाकी मोठ्या गावातच भरून घ्यावी.
* टोपी, पाण्याच्या बाटल्या, साधी औषधे आणि मंद कपडे बरोबर घ्यावेत.
* प्लास्टिकचा कचरा परत नेण्यासाठी एक पिशवी ठेवावी.
* गाडीचे भाडे, इंधन, फेरीबोट आणि मुक्काम यांचा हिशेब एकाच व्यक्तीकडे सोपवावा.

पिल्ले दिसतीलच याची हमी कोणीही देत नाही, आणि तशी हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. चारही वेळा टोपली उचलल्यावर खाली कोरडी वाळूच दिसली, असेही घडू शकते. सहलीला निघण्यापूर्वी गटातील सर्वांनी ही शक्यता मान्य केलेली असावी. पिल्ले दिसावीत म्हणून घरटे उकरण्याचा आग्रह स्वयंसेवकांकडे कदापि धरू नये. वाळूखालची अंडी तयार झाल्यावरच पिल्ले वर येतात, आणि त्या दिवसाची वाट पाहण्याची तयारी असलेल्यांनीच वेळासची वाट धरावी.