हात आवरण्याची विद्या

बाळंतपणाची खोली स्त्रीरोगतज्ज्ञांची आणि मुलांचा वॉर्ड बालरोगतज्ज्ञांचा, अशी आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांची जुनी वाटणी. नाळ कापल्यावर पहिले काही तास बाळ नेमकं कुणाच्या ताब्यात, हे त्या वाटणीत कुठेच बसत नव्हतं. डॉक्टर आईकडे वळलेले असत आणि दिवस भरायच्या आधी आलेलं, न रडलेलं बाळ बऱ्याचदा कोपऱ्यात एखाद्या सिस्टरच्या हवाली असे. भारतीय बालरोगतज्ज्ञांची मोठी संघटना 1963 मध्येच उभी राहिली होती. पण जन्मापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाचं शास्त्र वेगळं आहे, त्याला वेगळं शिक्षण लागतं, हा आग्रह धरणारी मंडळी मूठभर होती. त्यांनी 1980 साली ‘नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरम’ स्थापन केला. दिल्लीच्या ‘एम्स’मधले डॉ. मेहरबान सिंग हे या पिढीतलं ठळक नाव. नवजात बाळाच्या संगोपनावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आजही विद्यार्थ्यांच्या टेबलावर असतं.

पाश्चात्त्य देशांतही ही शाखा तेव्हा तरुणच होती. ऑगस्ट 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींचा मुलगा पॅट्रिक जन्मानंतर दोनच दिवसांत कच्च्या फुप्फुसांमुळे गेला. अमेरिकेतल्या उत्तमोत्तम डॉक्टरांकडेही त्याच्यासाठी उपचार नव्हता. पुढच्या वीस वर्षांत श्वासमार्गात सतत हलका दाब ठेवणारी सीपॅप पद्धत आली, फुप्फुसात सोडायचं सरफॅक्टंट हे औषध आलं, एवढ्याशा फुप्फुसांना झेपतील असे व्हेंटिलेटर आले. आपल्याकडे यंत्रं पोचण्याआधी ती चालवणारी माणसं घडवणं भाग होतं. 1989 मध्ये चंडीगडच्या पीजीआयमध्ये नवजातशास्त्राचा डीएम अभ्यासक्रम सुरू झाला. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन आणि वर ही तीन. आज महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम आणि सायन रुग्णालयांत, पुण्याच्या भारती विद्यापीठात हा अभ्यासक्रम आहे. फोरमने याला समांतर अशी स्वतःची फेलोशिप चालवली, परिचारिकांसाठीही चालवली, आणि प्रशिक्षणाला लायक कक्ष कोणते हे ठरवण्यासाठी मान्यतेची पद्धत घातली.

संस्थेचा इतिहास असा सनावळीत मांडता येतो, अधिवेशनांची यादीही देता येते. मला त्यात फारसा रस नाही. साडेचार दशकांची ही वाटचाल वाचताना मला जाणवलं ते वेगळंच. या मंडळींनी डॉक्टरांच्या हातात जेवढं दिलं, तेवढंच पुढे त्यांच्या हातून काढून घेतलं. आणि काढून घेणं जास्त अवघड गेलं.

1990 मध्ये फोरमने नवजात पुनरुज्जीवनाचा, म्हणजे न रडलेल्या बाळाला श्वास घ्यायला लावण्याचा, अमेरिकन अभ्यासक्रम भारतात आणला. आधी प्रशिक्षक तयार केले आणि त्यांनी देशभर कार्यशाळा घेतल्या. ही कार्यशाळा कुणी पाहिली नसेल तर तिचं वर्णन करण्याजोगं आहे. टेबलावर रबरी बाहुली, तिच्या खांद्याखाली घडी घातलेलं फडकं, कारण मान फार वाकली तरी श्वासमार्ग बंद होतो आणि फार ताणली तरी होतो. मास्क नाक, तोंड आणि हनुवटीचं टोक झाकेल एवढाच हवा, डोळ्यांवर यायला नको. मग पिशवी दाबायची, ‘दाबा, दोन, तीन’ असं तोंडाने मोठ्याने म्हणत. ‘दाबा’ला दाबायची, ‘दोन-तीन’ला सोडायची. मिनिटाला चाळीस ते साठ श्वास याच तालात बसतात. अनुभवी डॉक्टरही इथे पहिल्या दिवशी चुकतात, कारण त्यांचं लक्ष पिशवीकडे असतं. प्रशिक्षक एकच प्रश्न विचारत फिरतो: छाती उचलली का? छाती उचलली नाही तर बाकी सगळं फुकट.

याच अभ्यासक्रमात सुरुवातीला शिकवत की पिशवीला शंभर टक्के ऑक्सिजन जोडा. बाळ निळं पडलंय, त्याला ऑक्सिजन हवा, यात शंका घेण्यासारखं काय होतं? शंका घेतली ती दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. सिद्धार्थ रामजी आणि सहकाऱ्यांनी. साध्या खोलीतल्या हवेनेही बाळं तितकीच चांगली सावरतात, हे त्यांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे सहा देशांतल्या केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष 1998 मध्ये आला, तोही याच बाजूचा. उलट जादा ऑक्सिजन अपाय करतो, असं दिसू लागलं. तरीही पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवात हवेनेच करा, हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात यायला 2010 उजाडलं. ज्या देशात ऑक्सिजनचा सिलिंडर मिळणं हीच अडचण होती, तिथून हा शोध निघाला, याचा आपल्याकडे व्हायला हवा होता तेवढा गवगवा झाला नाही.

दुसरी गोष्ट गर्भातच शी केलेल्या बाळाची. ‘बाळ घाण पाणी प्यायलं’ असं घरातली मंडळी सांगतात ना, तेच. अशा मलूल बाळाच्या घशात नळी घालून श्वासनलिका लगेच शोषून काढायची, हा नियम निवासी डॉक्टरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी घोकला. ते कौशल्य आलं की डॉक्टर तयार झाला, अशी एक समजूतच होती. दिल्ली आणि पुदुचेरीच्या भारतीय अभ्यासांत त्याचा फायदा दिसला नाही. नळी घालण्यात मोलाचे सेकंद मात्र जात होते. 2015 च्या सुमारास तो नियम सरसकट राहिला नाही. आता सांगतात, आधी श्वास द्या.

अतिप्रगत शिक्षणातही हेच. एक किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त साधारण ऐंशी-नव्वद मिलिलिटर, चहाच्या एका कपात मावेल एवढं. तपासणीसाठी दर वेळी दोन मिलिलिटर काढलं तर आठवड्यात किती गेलं, हा हिशेब डीएमच्या विद्यार्थ्याला पाठ असावा लागतो. नाभीतल्या शिरेत कॅथेटर घालणं, पलंगाजवळच हृदयाची सोनोग्राफी करणं, सरफॅक्टंटची मात्रा दशांश चिन्हासकट बिनचूक काढणं हे तो शिकतोच. पण वरिष्ठ त्याला सर्वांत जास्त टोकतात ते ‘ही तपासणी आजच हवी का?’ असं विचारून.

मेंदूला ऑक्सिजन कमी पडलेल्या बाळाचं शरीर बहात्तर तास थंड ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत सिद्ध झालेला होता. तो आपल्याकडेही उत्साहाने आला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात केंद्रांत 408 बाळांवर नीट अभ्यास झाला. 2021 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मृत्यू आणि अपंगत्व मिळून काही फरक नाही, नुसते मृत्यू मात्र थंड केलेल्या गटात जास्त. तिकडचं औषध इकडे तसंच लागू पडत नाही, हे एवढ्या स्वच्छ आकड्यांत क्वचित दिसतं.

महाराष्ट्राचा या वाटचालीतला वाटा वेगळ्या जातीचा आहे. सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नवजात कक्ष हाती घेतला तेव्हा आया बाहेर आणि बाळं आत, बाटलीच्या दुधावर, अशी रीत होती. त्यांनी बाटल्या बंद केल्या आणि आयांना आत घेतलं. ज्यांच्या आईला दूध येत नव्हतं त्यांच्यासाठी 27 नोव्हेंबर 1989 रोजी दुग्धपेढी सुरू केली; ती आशियातली पहिली. इतर मातांनी दिलेलं दूध तपासून, 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून, गोठवून ठेवायचं, यात यंत्रसामग्री फारशी नाही. शिस्त मात्र फार.

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी यांनी दुसरं टोक पकडलं. बाळ घरी गेलं की कक्षाचं काम संपलं, असं सगळे मानत असताना त्यांनी 1987 ते 1989 दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोंहून कमी वजनाच्या मुलांचा अठरा वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. वाचलेल्या मुलांपैकी काहींना शाळेत लेखन आणि गणित जड जातं, हे अशा अभ्यासाशिवाय कळलंच नसतं.

आणि गडचिरोली. तिथल्या ‘सर्च’ या संस्थेने 1995 पासून 39 गावांत आरोग्यदूत बायकांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. बाळाचं वजन करणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणंसुद्धा. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचा निबंध 1999 च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये आला. जेमतेम शाळा शिकलेली बाई बाळाला सुई टोचणार, हे बऱ्याच डॉक्टरांच्या पचनी पडायला वेळ लागला. 2011 मध्ये सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटी देशभर सुरू केल्या तेव्हा इंजेक्शन त्यात नव्हतं. 2014 मध्ये जेंटामायसिनची परवानगी मिळाली तीही आशांना नव्हे, एएनएम परिचारिकांना. आपला हात आवरून दुसऱ्याच्या हातात सुई देणं हा या विद्येतला सर्वांत कठीण धडा ठरला, असं मला वाटतं.

पुढचं सरकारी चित्र बहुतेकांना ठाऊक आहे. 2003 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियात जिल्हा रुग्णालयातला पहिला विशेष नवजात काळजी कक्ष उघडला, 2009 मध्ये ‘नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम’ आला आणि पुनरुज्जीवनाचं प्रशिक्षण एएनएमपर्यंत उतरलं. हजार जिवंत जन्मांमागे देशातला नवजात मृत्युदर 2020 मध्ये 20 होता, महाराष्ट्रात 11. 2030 पर्यंत देशाला एक आकडी संख्या गाठायची आहे.

या आकड्यांमागे कक्षांची रोजची दुखणी आहेत. महिनोन्‌महिने तयार केलेली सिस्टर बदलीच्या एका कागदावर नेत्रविभागात जाते आणि तिच्या जागी आलेलीला बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरच्या बटणांपासून सुरुवात करावी लागते. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या अशाच कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. ऑक्सिजन आणि विजेची उपकरणं रात्रंदिवस चालणाऱ्या खोलीत अग्निसुरक्षा हा प्रशिक्षणातला शेवटचा, घाईत उरकायचा धडा असू नये, हे सांगायला दहा बाळं जावी लागली.

आता नवा धडा आलाय. भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, एक ते 1.8 किलोंच्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तर मृत्यू पावलेल्या बाळांचं प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर आलं. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. निकाल इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये आपली शिफारस बदलली. म्हणजे बाळाच्या नाकात सीपॅपची नळी, हातात सलाइन आणि बाळ मात्र आईच्या अंगावर. डॉक्टरने तपासायचं तेही तिथेच वाकून. यासाठी नुकत्याच बाळंत झालेल्या, टाके असलेल्या बाईला कक्षाच्या आत खाट हवी, तिच्यासाठी न्हाणीघर हवं, तिचे टाके पाहायला स्त्रीरोग विभागाची सिस्टर तिथवर यायला हवी. आपल्या बहुतेक जिल्हा रुग्णालयांत दोन वॉर्मरच्या मध्ये खुर्ची जेमतेम मावते. डॉक्टरांना हे शिकवायला फोरमजवळ प्रशिक्षक आहेत. भिंत पाडण्याचं अंदाजपत्रक मात्र सार्वजनिक बांधकाम खात्याकडून यायचंय.