राणीच्या बागेतली झाडे कोणाची?

भायखळ्याची राणीची बाग म्हटली की मुंबईकराला प्राणी आठवतात, हल्ली पेंग्विन. पण ती मुळात झाडांची बाग. वाघ-हत्ती नंतर आले आणि सगळं नाव घेऊन गेले!

1830 साली 'ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' स्थापन झाली. तिची आधी शिवडीला बाग होती; त्या जागी आज दफनभूमी आहे. भायखळ्याची बाग उघडली 19 नोव्हेंबर 1862 रोजी, लेडी फ्रेअर यांच्या हस्ते. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची पायाभरणीही त्याच दिवशीची. या उद्योगामागे डॉ. जॉर्ज बर्डवूड होते, डॉ. भाऊ दाजी होते, नाना शंकरशेट होते. पैसा मोठ्या प्रमाणावर वर्गणीचा. राणीचं नाव दिलं, पण हात खिशात घातला तो शहरातल्या लोकांनी. 1865 मध्ये कापसाची तेजी कोसळली. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांचं अशा वेळी काय होतं, ते आपण जाणतोच. 1873 मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली.

इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. वर्गणीदार गेले, संस्था गेली, राणीही गेली, झाडं राहिली. आफ्रिकेतली गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती, ब्रह्मदेशातली उर्वशी. उर्वशी फुलली की तिचे लाल झुंबरासारखे घोस बघायला जाणकार मुद्दाम वाट वाकडी करून येतात. अशी तीन हजारांहून अधिक झाडं आज तिथे आहेत.

2007 मध्ये प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाचा मोठा आराखडा पुढे आला आणि झाडांवर गदा येणार, असं काही नागरिकांना वाटलं. त्यांनी केलं काय? घोषणा दिल्याच, पण त्याबरोबर झाडं मोजली. कोणतं झाड, कुठल्या जातीचं, कुठे उभं, याची नोंद केली. आम्हाला हे फार महत्त्वाचं वाटतं. एक झाड तोडा, दुसरीकडे काही लावा, या हिशेबात झाड म्हणजे निव्वळ आकडा. एकाऐवजी दुसरं चालतं. संग्रहात तसं चालत नाही. ग्रंथालयातली जुनी पोथी काढून तिथे तीन नव्या वह्या ठेवल्या, तर आपण भरपाई झाली म्हणू का? त्या याद्यांमुळे 'झाडं वाचवा' ही भावना राहिली नाही, ती युक्तिवाद झाली. वारसा समितीपुढे, सरकारपुढे तो मांडता आला. मूळ आराखडा त्या रूपात उभा राहिला नाही.

पेंग्विन मात्र 2016 मध्ये आलेच. त्यांच्याबद्दल आमची तक्रार नाही. मुलं खूश असतात. पण परवा नातवाला घेऊन गेलो, तेव्हा पेंग्विनच्या रांगेत उभं राहण्याआधी त्याला गोरखचिंचेपाशी नेलं. त्याने खोडाला हात लावला आणि विचारलं, "आजोबा, हे कोणी लावलं?"

आम्हाला नाव सांगता आलं नाही.