मँचेस्टरच्या बस कोणाच्या?

मँचेस्टरजवळ पेंडल्टनच्या टोलनाक्यावर वसुली करणाऱ्या जॉन ग्रीनवुडने १८२४ साली घोडा जुंपलेली गाडी थेट शहरातल्या मार्केट स्ट्रीटपर्यंत सोडायला सुरुवात केली. लांब पल्ल्याच्या टपालगाडीत जागा आधी राखून ठेवावी लागे. ग्रीनवुडच्या गाडीला मात्र वाटेत कुठेही हात दाखवावा, चढावं आणि हवं तिथे उतरावं. ब्रिटनमधली ही पहिली बससेवा मानली जाते. कोण कुठून कुठे जातो हे नाक्यावर बसून रोज पाहणाऱ्या माणसाला हा धंदा सुचला नसता तरच नवल!

विसाव्या शतकात शहराची वाहतूक कॉर्पोरेशनच्या हाती आली. विजेच्या ट्राम १९०१ मध्ये धावू लागल्या आणि १९४९ मध्ये बसना जागा देऊन गेल्या. गणवेशातला कंडक्टर हा तेव्हा कॉर्पोरेशनचा चेहरा होता, आणि गणवेशात टोपी सक्तीची होती. १९५९ मध्ये ज्ञानी सुंदरसिंग सागर यांनी कंडक्टरच्या नोकरीसाठी अर्ज केला. पगडी निळ्या रंगाची बांधतो, वर तुमचा बिल्लाही लावतो, अशी त्यांची तयारी होती. तरी नकारच मिळाला. सागर यांनी प्रकरण सोडलं नाही, आणि अखेर १९६६ मध्ये कॉर्पोरेशनने पगडीला मान्यता दिली. एका टोपीसाठी सात वर्षं!

१९६९ मध्ये मँचेस्टरसह आसपासच्या अकरा नगरपालिकांच्या बससेवा एका प्राधिकरणाखाली आल्या. प्रत्येक गावाचा आपापला रंग गेला आणि सगळीकडे नारिंगी-पांढऱ्या बस दिसू लागल्या.

खरी उलथापालथ झाली ती १९८६ च्या २६ ऑक्टोबरला. थॅचर सरकारच्या कायद्याने लंडन सोडून बाकी ब्रिटनमधली बससेवा त्या दिवशी खुली झाली. परवाना असलेल्या कोणीही ४२ दिवसांची नोटीस द्यावी आणि हव्या त्या मार्गावर बस सोडावी. बंद करतानाही तेच. पुढच्या जानेवारीत ‘बी लाइन बझ’ या खाजगी कंपनीच्या मिनीबस शहरभर फिरू लागल्या. मधमाशी हे मँचेस्टरचं १८४२ पासूनचं मानचिन्ह. नव्या कंपनीने नेमकं तेच नावात घेतलं.

विद्यापीठावरून जाणाऱ्या ऑक्सफर्ड रोड-विल्म्स्लो रोडवर तर कंपन्यांची झुंबड उडाली. विद्यार्थ्यांची गर्दी म्हणजे बारमाही गिऱ्हाईक. स्टेजकोच या खाजगी बस कंपनीने पुढे याच रस्त्यावर ‘मॅजिक बस’ नावाने जुन्या निळ्या डबलडेकर स्वस्त तिकिटात सोडल्या. पुढच्या थांब्यावर आधी पोचून माणसं उचलायची, ही आपल्या वडापवाल्यांची रीत तिथे डबलडेकरने गिरवली. या रस्त्यावर बसमागे बस, आणि दूरच्या वसाहतींत संध्याकाळनंतर शुकशुकाट! स्पर्धेने सेवा सुधारेल हे गृहीतक इतकं उघडं पडलेलं क्वचितच दिसतं.

प्राधिकरणाच्या जुन्या बस चालवणारी सार्वजनिक मालकीची कंपनी दोन तुकडे करून १९९४ मध्ये कर्मचारी आणि व्यवस्थापकांना विकली गेली. ती मालकी जेमतेम दोन वर्षं टिकली. १९९६ मध्ये उत्तरेकडचा तुकडा फर्स्टबसने घेतला, दक्षिणेकडचा स्टेजकोचने.

२०१७ च्या कायद्याने महापौरांना मार्ग आणि भाडी ठरवण्याची सत्ता परत मिळवण्याची वाट दिली. महापौर अँडी बर्नहॅम यांनी ती धरली तेव्हा स्टेजकोच कोर्टात गेली आणि २०२२ मध्ये हरली. सप्टेंबर २०२३ मध्ये बोल्टन आणि विगनपासून पिवळ्या-काळ्या ‘बी नेटवर्क’च्या बस निघाल्या. ५ जानेवारी २०२५ ला उरलेला दक्षिण भागही त्यात आला. गाड्या अजून खाजगी कंपन्याच चालवतात, त्यात स्टेजकोचही आहे. पण आता ती ठेकेदार आहे; वेळापत्रक आणि तिकिटाचा दर प्राधिकरण ठरवतं.