इंदूरच्या ढिगापासून इंदिरानगरच्या गच्चीपर्यंत

नाशिकच्या इंदिरानगरात घंटागाडी येते. भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेला भात तिच्यात पडतो आणि पाथर्डीजवळच्या महापालिकेच्या खत प्रकल्पाकडे जातो. त्याच वेळी जिल्ह्यातल्या शेतांमधून ताजी भाजी शहरात येत असते. शेतातून निघालेले नत्र, स्फुरद आणि पालाश भाजीबरोबर शहरात येतात. त्यांपैकी शेतात परत किती जातात? हा प्रश्न जुना आहे. तो सोडवण्याचे प्रयत्न कोणी आणि कसे केले, हे पाहिले तर आपल्या गच्चीवरच्या कुंडीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते.

१९८२ साली नाशिक महापालिका स्थापन झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासची खेडी तिच्यात आली. त्यानंतर शहर वेगाने पसरले. आज इंदिरानगरात जिथे बंगले आणि इमारती आहेत, तिथे पूर्वी शेते होती. पीक जिथे उगवते तिथेच खाल्ले जाते आणि त्याचे अवशेष त्याच मातीत जातात, हे चक्र शेत गेल्यावर तुटते.

या तुटण्याची चिंता प्रथम रसायनशास्त्रज्ञांनी व्यक्त केली. जर्मन शास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४० साली शेतीच्या रसायनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. वनस्पती जमिनीतून खनिजे घेतात, म्हणून ती जमिनीला परत मिळाली पाहिजेत, हे त्यांनी ठासून सांगितले. कृत्रिम खतांच्या उद्योगाने या विचारातून प्रेरणा घेतली. पण त्याच ग्रंथाच्या १८६२ च्या आवृत्तीत लीबिग यांनी एक तक्रारही केली होती. शेतातली खनिजे धान्याबरोबर मोठ्या शहरांत जातात, गटारांतून वाहून जातात आणि परत येत नाहीत, ही ती तक्रार. उद्योगाने पहिला भाग उचलला, दुसरा मागे राहिला. पुढे फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतल्या नत्रापासून प्रयोगशाळेत अमोनिया बनवून दाखवला आणि १९१३ मध्ये त्याचा कारखाना सुरू झाला. या शोधाला नावे ठेवणे सोपे आहे. पण जगातल्या जवळजवळ निम्म्या लोकांचे अन्न आज या मार्गाने मिळालेल्या नत्रावर अवलंबून आहे असा अंदाज आहे, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्या भागाकडे लक्ष गेले ते आपल्याकडे, होळकरांच्या इंदूरमध्ये. ॲल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ साली बिहारमधील पुसा येथे आले. आपल्या पिकांवर रोग कमी कसे पडतात, हे ते शेतकऱ्यांकडून शिकले. १९२४ ते १९३१ या काळात त्यांनी इंदूरच्या वनस्पती-उद्योग संस्थेत काम केले. त्यांच्यापुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा होता : शेण गोवऱ्यांसाठी जाते, पालापाचोळा जाळला जातो, मग शेताला खत कुठून मिळणार? त्यांनी आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी पिकांचे अवशेष, थोडे शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी उलटून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिचे पुस्तक निघाले. जगभर ही पद्धत आजही ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्यामागे हॉवर्ड यांच्याइतकाच वाड यांचाही हात होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

या पद्धतीचे मर्म प्रमाणात आहे. कुजवणाऱ्या जिवाणूंना ऊर्जेसाठी कर्ब लागतो आणि शरीर बांधण्यासाठी नत्र. साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असले तर काम झपाट्याने चालते. नुसत्या वाळक्या पानांत नत्र कमी पडते आणि ढीग महिनोन्‌महिने तसाच राहतो. नुसत्या ओल्या सालींत नत्र आणि पाणी दोन्ही जास्त, म्हणून दुर्गंधी येते. दोन्ही मिसळले आणि हवा खेळती ठेवली की वास राहत नाही. आपल्या स्वयंपाकघरातली देठे आणि अंगणातला पाचोळा एकमेकांची उणीव भरून काढतात.

हा धागा महाराष्ट्रात पुढे नेला तो एका गणिताच्या प्राध्यापकाने. कोल्हापूरच्या श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी १९६० च्या दशकात ‘प्रयोग परिवार’ सुरू केला. शेतकऱ्यांनी स्वतः प्रयोग करावेत, मोजमाप ठेवावे आणि निष्कर्ष एकमेकांना कळवावेत, ही त्यामागची कल्पना. तासगावच्या द्राक्षबागायतदारांत ती चांगली रुजली. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाची गरज भागू शकते, असे दाभोलकर मांडत. १९८५ साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला.

दहा गुंठ्यांचे हे म्हणणे वर्गातही तपासता येते. आमचा हिशेब असा. नाशिकला एका चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ युनिट, म्हणजे सुमारे ४,३०० किलोकॅलरी सूर्यप्रकाश पडतो. चांगले पीक त्यातला साधारण एक टक्का साठवते, म्हणजे ४३ किलोकॅलरी. एक ग्रॅम कोरड्या पदार्थात सुमारे ४ किलोकॅलरी असतात. म्हणजे रोज दहा-अकरा ग्रॅम कोरडा पदार्थ. एक गुंठा म्हणजे जवळजवळ १०० चौरस मीटर, तेव्हा तिथे रोज एक किलो. त्यातला निम्मा खाण्याजोगा धरला तर २,००० किलोकॅलरी, साधारण एका माणसाची दिवसाची गरज. दहा गुंठ्यांत दहा माणसांची! पण याला एक अट आहे : वर्षभर सगळी जमीन हिरव्या पानांनी झाकलेली हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही, म्हणून पाच माणसे हा आकडा वाजवी वाटतो.

आता इंदिरानगरच्या बंगल्याची गच्ची घ्या. ती फार तर एक गुंठा. टाकी, वाट आणि वाळवण सोडून पाव भागात वाफे केले, तर वरच्या हिशेबाने खाण्याजोगा कोरडा पदार्थ रोज सव्वाशे ग्रॅम निघेल. भाजीत नव्वद टक्के पाणी असते, म्हणजे सव्वा किलो भाजी. हा आकडाही कमालच समजावा. गच्ची पोट भरणार नाही, पण घरच्या भाजीचा मोठा वाटा उचलू शकेल. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराने २००२ पासून आपल्या गच्चीवर, सुमारे ३,००० चौरस फुटांत, स्वयंपाकघरातल्याच कचऱ्यावर बाग फुलवली होती. दाभोलकरांच्याच पद्धतीचा तिथे उपयोग झाला.

एक इशारा द्यायला हवा. एक चौरस मीटरवर फूटभर जाडीची ओली माती सुमारे ५०० किलो भरते. ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण १५० किलोचा भार धरतात. म्हणून गच्चीवर माती नको. पाचोळा, उसाचे चिपाड आणि खत यांचे हलके, उथळ थर घ्यावेत. तेही भिजल्यावर जड होतात, तेव्हा अभियंत्याला विचारूनच वाफे मांडावेत.

शाळेत हा प्रयोग सहज करता येईल. मधल्या सुट्टीतला ओला कचरा महिनाभर रोज वजन करून नोंदवा. तो पाचोळ्यात मिसळून एक बादली आणि मैदानाच्या कोपऱ्यात एक मोठा ढीग, असे दोन्ही करा व रोज मधोमध तापमान घ्या. इंदूरचे ढीग ६० अंश सेल्सिअसच्या वर तापत. आपली बादली तेवढी का तापत नाही? घनफळाच्या मानाने तिचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता निसटते, हे मुलांना स्वतःला सापडू द्या. रोगट झाडे बादलीत का टाकू नयेत, याचे उत्तरही तिथेच मिळेल.

२०१६ च्या नियमांनी ओला आणि सुका कचरा उगमापाशीच वेगळा करणे बंधनकारक केले. वेगळा केलेला ओला कचरा पाथर्डीला पाठवायचा की वर्गाच्या मागच्या वाफ्यात घालायचा, हे महिन्याच्या नोंदी समोर ठेवून मुलांनाच ठरवू द्यावे.